कुपवाडच्या मुलानं पुण्याला जावं का?

सीईटीचे पर्सेंटाइल हातात पडले की सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन गावांच्या एका महापालिकेत दर वर्षी एक वाद नव्यानं सुरू होतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सांगलीचं वालचंद घ्यावं की पुण्याचं सीओईपी? असा वाद ज्यांच्या नशिबी येतो ती घरं थोडीच, कारण एवढे मार्क मिळवणारी मुलंच थोडी. पण ज्या घरात तो सुरू होतो तिथं मामा, क्लासचे सर, शेजारचे निवृत्त बँकवाले असे सगळेच त्यात उतरतात. एक बाजू म्हणते, विश्रामबागेतलं वालचंद कुपवाडहून गाडीवर पंधरा मिनिटांत. घरचं जेवण, घरची झोप, खोलीभाडं नाही, आणि डिग्री शेवटी डिग्रीच. दुसरी बाजू म्हणते, पुणं ते पुणं. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात ते कॉलेजांबद्दल. मुलगा कुठल्या घरातून निघालाय हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते उत्तर तिथंच आहे. ज्याच्या घरात इंजिनिअरिंगचं, इंग्रजीचं, ओळखीपाळखीचं वारं आधीपासून खेळतंय, तो वालचंदला राहिला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. ज्याच्या घरात ते नाही, त्यानं मात्र घर सोडावं. आपल्याकडे नेमकं याच्या उलट चालतं.

आधी दोन्ही कॉलेजांना त्यांचा मान देऊ. पुण्याचं कॉलेज १८५४ चं. बांधकाम खात्याला हाताखालची माणसं तयार करून द्यायला सरकारनं काढलेला तो साधा वर्ग होता. पुढं त्याचं कॉलेज झालं, आणि १८८३ साली तिथून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर होऊन बाहेर पडले. वडील लहानपणीच गेलेले, बंगळुरात शिकवण्या घेत बी. ए. केलेलं, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला आलेले. २०२२ पासून हे कॉलेज स्वतःच विद्यापीठ आहे. सांगलीचं कॉलेज स्वातंत्र्याच्या वर्षातलं. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावानं ते सुरू केलं, आणि १९५५ साली त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. अनुदानित, २००७ पासून स्वायत्त, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. जिल्ह्याच्या गावी, कृष्णेच्या काठी, पुण्या-मुंबईच्या बाहेर असं कॉलेज सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पहिल्या रांगेत टिकतं ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट, असा हा मामला नाही.

वर्गात काय शिकवतात याबद्दल तर फार बोलण्यासारखंच नाही. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, कंपायलर. दोन्हीकडे हेच विषय, थोड्या पुढंमागं सेमिस्टरला, आणि टेबलावर कॉरमेन, गॅल्विन, टॅनेनबॉम यांची तीच पुस्तकं, बहुतेक वेळा झेरॉक्स. एखादे सर इथले बरे, एखाद्या मॅडम तिथल्या बऱ्या. ज्याला कुणाचंच शिकवणं पटत नाही त्याच्यासाठी आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरची व्याख्यानं फुकट आहेत, ती कुपवाडच्या खोलीत दिसतात तशीच शिवाजीनगरच्या हॉस्टेलवर दिसतात. अभ्यासक्रमांचे तक्ते शेजारी ठेवून कॉलेज निवडणाऱ्या पालकांची चिकाटी मला मान्य आहे, पण फरक तिथं सापडणार नाही.

फरक पाचनंतर सुरू होतो. कॉम्प्युटरचं शिक्षण ही अशी विचित्र गोष्ट आहे की तिचा मोठा भाग तास संपल्यावर होतो. रात्री अकराला कोड चालत नाही तेव्हा शेजारच्या खोलीचं दार वाजवता येणं. सीनिअरनं इंटर्नशिपच्या मुलाखतीला काय विचारलं ते मेसच्या रांगेत कानावर पडणं. कुणीतरी ओपन सोर्स प्रकल्पात पॅच पाठवलाय, तो कसा पाठवतात हे त्याच्या खांद्यावरून बघणं. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ नं २२ जून २०१६ ला अवकाशात सोडला. एकामागून एक बॅचेस त्यावर काम करत आल्या, आणि ते काम काही वेळापत्रकातल्या तासांना झालेलं नाही. वालचंदमध्ये लिनक्स युजर्स ग्रुप आहे. तिथली पोरंही पोरांनाच शिकवतात, तीही संध्याकाळी.

म्हणून मी म्हणतो की ही दोनच कॉलेजं नाहीत. नांदेडहून किंवा बुलढाण्याहून येऊन वालचंदच्या हॉस्टेलवर राहणारा मुलगा आणि कुपवाडहून गाडीवर येणारा मुलगा एकाच बाकावर बसतात, पण एकाच कॉलेजात शिकत नाहीत. साडेपाचला कुपवाडचा मुलगा किक मारतो. घरी चहा, मग वडिलांबरोबर दवाखाना, बहिणीला क्लासहून आणणं, रविवारी वास्तुशांत, सोमवारी साखरपुडा. घरच्यांना तो घरात असल्याचा आनंद, आणि त्याला वेळ नसल्याचं दुःख करायलाही वेळ नाही. नांदेडच्या मुलाला सांगलीत कुणी ओळखत नाही, हीच त्याची कमाई. उलट सीओईपीतही कोथरूडहून रोज ये-जा करणारा मुलगा असतो, आणि त्याला सीओईपी निम्मंच मिळतं. कॉलेजच्या नावाइतकाच, कदाचित जास्त, फरक मुलगा रात्री कुठं झोपतो यानं पडतो.

ही गोष्ट या भागाला नव्यानं सांगायची गरज नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, ज्या त्या समाजाच्या मुलांसाठी. शाळा-कॉलेजं शहरात होतीच. खेड्यातल्या मुलाला तिथं राहता येत नव्हतं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले कर्मवीर भाऊराव पाटील पुढं किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले, १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. कर्मवीरांच्या त्या बोर्डिंगमधल्या मुलाला पुस्तकातलं ज्ञान गावातल्या शाळेतही थोडंफार मिळालं असतं. घरात जे कधीच मिळालं नसतं ते म्हणजे आपल्यासारखीच धडपडणारी वीस-पंचवीस मुलं, आणि अभ्यास हेच दिवसाचं मुख्य काम असलेलं छप्पर. सातारा-सांगलीतल्या किती घरांची पहिली शिकलेली पिढी अशा छपराखालून आली हे आपल्या आजोबांना विचारा. आता त्यांचीच नातवंडं म्हणतात, घरचं जेवण सोडून कशाला जायचं?

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेनं तपासला आहे. अमेरिकेतल्या स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक नामी युक्ती केली. नामांकित कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना जास्त पगार मिळतो हे उघडच आहे, पण ते कॉलेजमुळं की मुळातच हुशार असल्यामुळं? त्यांनी सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं शोधली. त्यातली काही जास्त नामांकित कॉलेजात गेली, काही मिळत असूनही कमी नामांकित कॉलेजात गेली. पुढं दोघांची सरासरी कमाई जवळजवळ सारखीच निघाली. निष्कर्षाचा हा अर्धा भाग लोकांना आवडतो आणि तेवढाच सांगितला जातो. उरलेला अर्धा असा की कमी उत्पन्नाच्या घरातून आलेल्यांना मात्र नामांकित कॉलेजाचा खरोखर फायदा झाला. पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि फारसे न शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही तेच दिसलं. म्हणजे ज्याच्या घरात आधीच सगळं आहे त्याला कॉलेज फार काही देत नाही. ज्याच्या घरात नाही, त्याला ते देतं.

भारतातला पुरावा आणखी बोलका आहे. शीतल सेखरी यांनी २०२० मध्ये इथल्या नामांकित सरकारी कॉलेजांत कटऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुलांची तुलना केली. कटऑफच्या वरची मुलं पुढं जास्त कमावत होती. पदवीच्या परीक्षेत मात्र दोघांत डोळ्यांत भरेल असा फरक नव्हता. शिकवण्यानं फरक पडला नाही, नावानं पडला. हे ऐकून मला बरं वाटत नाही, पण खरं असावं. बायोडाटा चाळणाऱ्या माणसाकडं मुलाबद्दल दुसरी काही माहिती नसते तेव्हा तो कॉलेजचं नाव वाचतो. ज्याचा काका पुण्यात एखाद्या कंपनीत मॅनेजर आहे त्याच्याबद्दल सांगायला काका असतो. एमआयडीसीतल्या फिटरच्या मुलाबद्दल सांगायला कॉलेजच्या नावाशिवाय कुणी नसतं.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. मिरजेत डॉक्टरांची घरं दाट. वॉनलेस हॉस्पिटलपासून सुरू झालेली ती परंपरा आहे. डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला सीओईपी मिळालं की ते त्याला पुण्याला पाठवतात, नाही मिळालं तर पुण्यातल्याच दुसऱ्या कॉलेजात पाठवतात. त्या मुलाचं वालचंदला काहीच अडलं नसतं: घरात इंग्रजी पुस्तकं आहेत, मामा अमेरिकेत आहे, पहिली इंटर्नशिप एका फोनवर मिळेल. कुपवाडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, फाउंड्रीत नाहीतर मशिन शॉपमध्ये पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या मुलाला मात्र सगळे एकमुखानं सांगतात, तुला वालचंद मिळतंय ना, मग झालं. सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण ज्याला पुण्याची सर्वात जास्त गरज, तोच घरी थांबतो.

थांबण्याचं कारण पैसा, आणि ते खोटं कारण नाही. फीचा प्रश्न दोन्हीकडं थोडाफार सारखाच आहे. सवलती आणि शिष्यवृत्त्या दोन्हीकडं लागू होतात. फरक राहण्या-खाण्याचा. महिना दहा हजार आणि वर्षाचे दहा महिने धरले तर चार वर्षांचे चार लाख होतात. पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरात चार लाख म्हणजे मोठ्या मुलीचं लग्न किंवा घराच्या स्लॅबचा हप्ता. तरीही दोन गोष्टी सांगतो. एक, हा आकडा पुष्कळ खाली आणता येतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६० हजारांपर्यंत देते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना तारण न ठेवता कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना व्याजात तीन टक्के सवलत. या योजनांची कागदपत्रं जमवता जमवता जोडे झिजतात हेही मान्य, पण चार वर्षांसाठी तेवढे झिजवावेत. दुसरी गोष्ट, या चार लाखांची तुलना बारावीपर्यंत क्लासला दिलेल्या पैशाशी करून पाहा. दोन वर्षांच्या इंटिग्रेटेड बॅचला लाखाच्या वर पैसे भरताना ज्या घरानं कर्ज काढलं, तेच घर ऐन कॉलेजच्या वेळी काटकसर करतं, याला काय म्हणावं?

मुलींच्या बाबतीत तर पैशाची सबबही आता अर्धी उरली आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारनं पूर्ण माफ केली. मुलाला निम्मी भरावी लागते तिथं मुलीला काहीच नाही. म्हणजे हिशेबानं मुलीला बाहेर पाठवणं मुलापेक्षा स्वस्त पडायला हवं. तरी भाऊ पुण्याला आणि बहीण वालचंदला, तिचा पर्सेंटाइल भावापेक्षा वर असला तरी, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. ‘मुलगी डोळ्यांसमोर असलेली बरी’ या वाक्याला उत्तर एकच: चार वर्षांनी तिला हिंजवडीला नाहीतर बंगळूरला नोकरी लागली की डोळ्यांआड पाठवावंच लागणार आहे. तेव्हा एकटं राहायला शिकायचं ते अठराव्या वर्षी मैत्रिणींच्या घोळक्यात शिकू दे.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जड आक्षेप पैशाचा नाही. तो मनाचा आहे. कुपवाडच्या शाळेत पहिला, क्लासमध्ये पहिला, नातेवाइकांत पहिला असलेला मुलगा सीओईपीच्या वर्गात पोचतो आणि दिवाळीच्या आत त्याला कळतं की इथं आपण चाळिसावे आहोत. शेजारी जेईईत झळकलेली, आठवीपासून पायथॉन येणारी मुलं. हर्बर्ट मार्श या शिक्षण-मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकापासून हे मांडलंय: तितक्याच कुवतीचा विद्यार्थी हुशारांच्या संस्थेत गेला की स्वतःला कमी लेखू लागतो. घरी राहिला असता तर त्याचा आत्मविश्वास शाबूत राहिला असता. हे मी खोडून काढत नाही. काही मुलं खरोखर कोमेजतात, एकटी पडतात, एटीकेटीच्या गाठोड्याखाली दबतात. ज्याचं मन नाजूक आहे आणि ज्याला घराचा आधार लागतो, त्याच्या आईवडिलांनी माझं ऐकू नये, आपल्या मुलाकडं पाहावं. पण बाकीच्यांसाठी विचारतो, वासरात लंगडी गाय शहाणी असण्याचा आत्मविश्वास किती दिवस पुरणार? चाळिसावा नंबर पहिल्या सेमिस्टरला कळणं आणि पहिल्या नोकरीत कळणं, यातलं पहिलं बरं. पहिल्या सेमिस्टरला हाताशी साडेतीन वर्षं असतात. शिवाय पुढं जाणारी ती एकोणचाळीस मुलं त्याच हॉस्टेलात राहतात, दार वाजवायला मोकळी आहेत.

एका फसव्या वळणाचा इशारा इथंच दिला पाहिजे. दोन्हीकडं कॉम्प्युटर मिळतंय असा विद्यार्थी विरळा, कारण सीओईपी कॉम्प्युटरचा कटऑफ फार वर असतो आणि वालचंदचा त्याच्या खाली. जास्त मुलांपुढं येणारा खरा पेच असा: वालचंदला कॉम्प्युटर किंवा आयटी, की सीओईपीला दुसरी कुठलीतरी ब्रँच? इथं मी पुण्याची बाजू सोडतो. ज्याला प्रोग्रॅमिंगच करायचंय त्यानं वालचंदचं कॉम्प्युटर घ्यावं. सीओईपीत मेटलर्जी घेऊन कोडिंग स्वतः शिकू, असं म्हणणारी मुलं असतात आणि काही ते करूनही दाखवतात. पण चार वर्षं दिवसा एक आणि रात्री दुसरं अशी दुहेरी पाळी वडिलांनीही आयुष्यभर केलेली नसते. नावासाठी ब्रँच सोडू नये. याउलट ज्याला कोडिंगची ओढ नाही, सगळे घेतात म्हणून कॉम्प्युटर घ्यायचंय, त्याला दोन्ही कॉलेजांत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बरं, आणि कुपवाडच्या कारखान्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीत काम बघायला मिळेल हा फायदा वर.

ऑप्शन फॉर्म भरताना लोक जी चलाखी करतात तीही सोडा. ‘आधी सेफ टाकू, मग वरचं बघू’ म्हणून वालचंद पहिलं टाकलेली मुलं दर वर्षी सापडतात. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, गुणवत्ता यादीतल्या क्रमानं एकेकाला त्याच्या यादीतली मिळेल ती वरची जागा दिली जाते. अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं निसटत नाही. उलट पहिली पसंती पहिल्याच फेरीत लागली तर ती घ्यावीच लागते, आणि चलाखीनं पहिलं टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणित्यांनी कॉलेजप्रवेशाच्याच उदाहरणावर एक निबंध लिहिला होता. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याला खरी पसंती खऱ्या क्रमानं सांगण्यात कधीच तोटा नसतो हे पुढं गणितानं सिद्ध झालं, आणि २०१२ मध्ये शॅप्ली आणि ऑल्विन रॉथ यांना या क्षेत्रातल्या कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली कॅप त्यापेक्षाही सोपी आहे. मनात जो क्रम आहे तोच लिहा.

पॅकेजचं काय? फ्लेक्सवर छापलेला सर्वात मोठा आकडा एका मुलाचा असतो, आणि तो मुलगा कुठल्याही कॉलेजात गेला असता तरी बहुधा तिथंच पोचला असता. एनआयआरएफसाठी कॉलेजं जी माहिती भरतात ती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिच्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार असतो, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्याचा. तो पाहावा, तोही सगळ्या ब्रँचचा मिळून आहे हे लक्षात ठेवून. आणि आजचा आकडा चार वर्षांनी राहील असं धरू नये. २०२३-२४ या वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून जास्त घटली. कंपनी शेअर बाजारात आल्यापासून वर्षाअखेर असं पहिल्यांदाच घडलं. साधा कोड आता यंत्रं लिहू लागली आहेत. बसभरून मुलं उचलणाऱ्या कंपन्यांवर भरवसा ठेवून कॉलेज निवडायचे दिवस गेले. यापुढं कुणाबरोबर काय बांधलं हे जास्त विचारलं जाईल, आणि तिथंही हॉस्टेलवरचा मुलगाच पुढं असणार.

राहिला गावाचा प्रश्न. हुशार पोरं अशीच पुण्याला पाठवत राहिलो तर सांगलीत काय उरेल, असं इथली माणसं कळवळून विचारतात. धोंडूमामांनी कॉलेज सांगलीत काढलं ते कशासाठी? पद्माळ्याचे वसंतदादा १९८३ साली मुख्यमंत्री असताना त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून आपल्याच जिल्ह्यात साखराळे, बुधगाव अशी कॉलेजं उभी राहिली, ती कशासाठी? मुलांना बाहेर जावं लागू नये म्हणूनच ना? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. वालचंद कधीच फक्त सांगलीकरांचं नव्हतं. विदर्भ-मराठवाड्यातून मुलं इथं आली, विश्रामबागेत चार वर्षं राहिली, त्यांनी या गावाला मोठं केलं आणि गावानं त्यांना. जी गोष्ट परभणीच्या मुलाला सांगलीत येऊन मिळते तीच कुपवाडच्या मुलाला पुण्यात जाऊन मिळते, यात सांगलीचं काही कमी होत नाही. आणि परत येण्याची गोष्ट कॉलेज ठरवत नाही, काम ठरवतं. सांगलीत सॉफ्टवेअरचं पुरेसं काम असेल तर पुण्यात शिकलेलेही परततील. नसेल तर वालचंदचा पदवीधरही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणारच आहे, आज जातोच आहे.

तेव्हा माझा निकाल असा. घरात आधीच कुणी इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक असेल तर वालचंद पहिलं टाकायला काही हरकत नाही, पुण्याचा खर्च वाचवून तो पुढं एम. एस. ला वापरा. घरातून कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी असेल आणि सीओईपीला कॉम्प्युटर मिळत असेल, तर पुणं पहिलं, मुलगा असो की मुलगी. आणि काही कारणानं वालचंदच घ्यावं लागलं तर निदान हॉस्टेलवाल्यासारखे राहा: मिळाली तर कॉलेजजवळ खोली घ्या, नाही मिळाली तर रात्री नऊपर्यंत घरी फिरकू नका, घरच्यांनी मुलाला किराणा आणायला पाठवू नये.

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदारांनाही एक विनंती आहे. तुमच्याच कामगारांच्या पोरांत दर वर्षी दोन-चार अशी निघतात की ज्यांना पुण्यात जागा मिळते आणि खोली परवडत नाही. वर्षाला एकाचा खर्च लाखाच्या घरात. शाहू महाराजांसारखं वसतिगृह बांधायला कुणी सांगत नाही. चौघांनी मिळून चार पोरांचा भार उचलला तरी पुरे. तोवर पालकांनी एक करावं. पुण्यात खेड्यापाड्यातल्या गरजू मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली ती संस्था सुरू केली. तिच्या अर्जाची तारीख सीईटीच्या निकालाआधीच बघून ठेवा. अलॉटमेंट लागल्यावर खोली शोधायला निघालेल्याला पुण्यात स्वस्त खोली मिळत नाही.